परतीची रेघ

१

चोरीला गेली ती फक्त एक वही. कपाटात बाईंची पर्स तशीच होती, नवा चष्मा तसाच होता, वर्गाच्या सहलीचा कॅमेरासुद्धा जागेवर होता. चोराने उचलली ती निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली दोनशे पानी वही. रद्दीवाल्यानेही ती नाक मुरडूनच घेतली असती.

"कुलूप तर फोडलेलं नाही," मी म्हणाले.

"उघडून पुन्हा लावलंय," बाई म्हणाल्या. "चोर नीटनेटका आहे."

आमच्या साप्ताहिकात मी अकरा वर्षं शाळा मंडळाच्या बातम्या लिहिते. शब्दकोड्याकडे जाताना लोक जे पान उलटतात, ते माझं. मंडळाच्या चौदा शाळा आहेत, आणि त्यांतल्या एका शाळेत पहिलीच्या वर्गावर या बाई आहेत. मलाही पहिलीत याच बाई होत्या. चौतीस वर्षांत मंडळाने त्यांना पाच शाळांत फिरवलं, आणि प्रत्येक शाळेत मुलांनी त्यांना एकच नाव ठेवलं, छप्परबाई. का, ते कळेलच.

त्या वहीत काय होतं ते आधी सांगते. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला बाई एकेका मुलाला शेजारी बसवून न पाहिलेलं पुस्तक हातात देत आणि जे घडेल ते लिहून ठेवत. 'अडते.' 'अंदाजाने बोलतो.' 'चित्र बघून सांगते.' वर्गात सव्वीस मुलं. वहीप्रमाणे त्यांतल्या बारा जणांना वाचता येत नव्हतं.

टॅबप्रमाणे सगळ्यांना येत होतं. यंदापासून पहिलीचं लेखन-वाचन टॅबवर सुरू झालं. चित्र दिसतं, मूल बोटाने शब्द लिहितं, जमलं की हिरवी खूण उमटते. खुणांची बेरीज मंडळाकडे जाते आणि मंडळ खूश होतं. खूश होऊन मंडळाने उद्याच्या, म्हणजे गुरुवारच्या सभेपुढे दोन ठराव ठेवले होते. शुक्रवारचा वाचनाचा तास सगळ्या शाळांतून बंद, आणि 'टॅबबद्दल खोटी तक्रार केली' म्हणून बाईंवर कारवाई. तक्रारीचा पुरावा काय, तर ती वही.

"मग मुलांनाच सभेत उभं करा," मी म्हणाले. "वाचून दाखवू देत. नाही आलं की झालं सिद्ध."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सहा वर्षांची झाले. "शंभर माणसांसमोर? बारा लेकरांना 'तुला येत नाही' हे दाखवायला उभं करू? माझी नोकरी गेली तरी चालेल, पण ती वरात मी काढणार नाही."

आता माझंही सांगून टाकते. त्या बारा जणांत माझी भाची आहे. ठराव झाला की ती 'वाचता येते' असा शिक्का घेऊन दुसरीत जाणार, आणि वाचून घ्यायला तिच्याशेजारी कोणी बसणार नाही. तेव्हा मी अलिप्तपणे बातमी लिहीत होते असं म्हणणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"या कपाटाच्या किल्ल्या किती?"

"एक माझ्या कमरेला. दुसरी ऑफिसात, कारकुनाच्या खुर्चीमागे, खिळ्याला." त्यांनी कपाट लावलं. "आणि वही काल दुपारपर्यंत होती. म्हणजे चोर बाहेरचा नाही."

२

कारकून हा शाळेतला सर्वांत दुखावलेला माणूस आहे, असं त्याचं स्वतःचं मत आहे.

"किल्ली कोणीही घेतं," तो म्हणाला. "शिक्षक घेतात, मॅडम घेतात, तो टॅबवाला घेतो. मला कोण विचारतं? मी आहे उन्हात उभं राहायला."

"उन्हात का?"

"अहो, फायर ड्रिल! आगीची कवायत. घंटा झाली की सगळी शाळा मैदानात, आणि सगळ्यांची हजेरी घ्यायची मी. पूर्वी वर्षातून एकदा व्हायची. या सत्रात चार झाल्या. बरं, मोजणी माझी पाच मिनिटांत होते, पण परत आत जायची घंटा वाजेल तेव्हा ना! पोरं सुकून जातात." त्याने एक जाड फाइल थोपटली. "सगळ्याची नोंद आहे हो. माझ्या कामात खोट काढून दाखवा."

मला त्याच्या फाइलीत काडीचा रस नव्हता. मान डोलावून मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरले.

मुख्याध्यापिका भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर सूचना लिहीत होत्या. चाळिशीच्या, कडक इस्त्रीतल्या, बोलायला मऊ. लिहिता लिहिताच बोलत होत्या. एक शब्द संपला की मार्कर न उचलता त्या एक रेघ मागे ओढत, मग पुढचा शब्द घेत.

"मला फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "मी इथे येऊन तीनच वर्षं झाली, पण बाईंचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. आता वय झालं त्यांचं. वही स्वतःच कुठेतरी ठेवून विसरल्या असतील."

"आणि बारा मुलं? तीही विसरल्या?"

"हे पाहा, मागच्या वर्षी आपली शाळा चौदांत चौदावी होती. अजून एक वर्ष तळाला राहिलो तर मंडळ शाळा बंद करून मुलं शेजारच्या शाळेत पाठवणार. लहान मुलांना रोज दोन मोठे रस्ते ओलांडून जावं लागेल. यंदा आपण पाचवे आहोत. मग मी टॅबला शिव्या का घालू?" त्यांनी मार्करला टोपण लावलं. "आणि आकड्यांबद्दल शंका असेल तर टॅबवाल्याला विचारा. आकडे त्याच्या हातात असतात."

खरं होतं. मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढले. चोर मला सापडला होता, असं वाटलं.

३

टॅबवाला मंडळाचा माणूस. चौदा शाळांचे टॅब दुरुस्त करत फिरतो, आणि शिक्षक त्याला चहासुद्धा विचारत नाहीत. टॅब चार्ज करायच्या चाकांच्या कपाटापुढे तो फतकल मारून बसला होता. मी आडवळण न घेता विचारलं, "आकडे तू फुगवलेस?"

तो हसला. मला ते हसू आवडलं नाही.

"ताई, मला फुगवायचे असते तर मी खुर्चीत बसून एक आकडा बदलला असता. दहा सेकंदांचं काम. इथे तर कोणीतरी एकेक शब्द बोटाने लिहिलाय."

"कोणीतरी म्हणजे? मुलांनी नाही?"

 त्याने उठून दार लोटून घेतलं.

"मी मंडळाला दोनदा कळवलंय. 'तांत्रिक बाब, नंतर पाहू' असं उत्तर आलं. बघा तुम्हीच."

टॅब नुसता शब्द साठवत नाही, बोट कसं फिरलं तेही साठवतो. मंडळाला ते पाहायची कधी गरज वाटली नव्हती. त्यांना बेरीज पुरे होती. टॅबवाल्याने एका मुलाचा शब्द चालवून दाखवला. बोट अडखळत अक्षरं काढतं, मग वरची रेघ देतं, डावीकडून उजवीकडे, टॅबमधल्या नमुन्याप्रमाणे. सगळी मुलं लेखन टॅबवरच शिकलेली, त्यामुळे सगळ्यांची रेघ अशीच.

"आता हे तीन दिवस बघा. फक्त बारा मुलं."

या वेळी बोट थबकत नव्हतं. अक्षरं झरझर उमटली आणि मग वरची रेघ आली, उजवीकडून डावीकडे, शेवटापासून सुरुवातीकडे. दुसऱ्या मुलाचंही तसंच. बाराही मुलांचं तसंच. बारा मुलांच्या नावावर एकाच मोठ्या माणसाचं बोट फिरलं होतं.

मी तारखा आणि वेळा टिपून घेऊ लागले. 'मंगळवार' लिहिलं, आणि मग माझ्याच अक्षराकडे पाहिलं. शब्द संपवून मी रेघ ओढत परत सुरुवातीला आले होते. उजवीकडून डावीकडे. पस्तिशी उलटली तरी मी अशीच लिहिते, कारण पहिलीत मला तसंच शिकवलं होतं. अक्षरं लिहीत पुढं जायचं, आणि छप्पर घालत घरी परत यायचं.

हे शिकवणारी बाई आमच्या चौदा शाळांत एकच होती.

४

घरी भाची टॅबवरचा खेळ खेळत बसली होती. माझं डोकं भणभणत होतं. ज्यांनी तक्रार केली त्यांनीच खोट्या खुणा भराव्यात? कशासाठी? पण सभेत कोणी हे शब्द चालवून दाखवले तर प्रश्न विचारायलाही कोणी थांबणार नव्हतं.

"मावशी, तुझ्या कागदावर काय आहे?"

"तारखा. मागच्या मंगळवारी अकरा वाजता तुम्ही काय करत होता गं?"

सहा वर्षांच्या मुलीला तारीख काय आठवणार? पण माझ्या शेजारी बसून तिने बोटांवर दिवस मोजले. "मंगळवारी? त्या दिवशी आगीची घंटा झाली. आम्ही खूप उन्हात उभे होतो. मला पाणी हवं होतं, पण बाटली आत होती. टॅब पण आत. काहीच उचलायचं नसतं, मावशी. सगळं तसंच उघडं टाकून पळायचं."

सगळं तसंच उघडं टाकून.

एरवी प्रत्येक टॅब मुलाचा चेहरा पाहिल्याशिवाय उघडत नाही. दुसऱ्याच्या नावावर लिहायचं तर मूल समोर हवं. अपवाद फक्त एक. घंटा होते, सव्वीस टॅब बाकांवर उघडे राहतात आणि वर्ग रिकामा होतो.

मला माझीच लाज वाटली. महिन्यापूर्वी एका आईचं पत्र आलं होतं, 'शाळेत एवढ्या कवायती कशाला?' मी ते कापून दोन ओळींचं केलं आणि हरवलेल्या मांजराच्या जाहिरातीखाली टाकलं.

गुरुवारी सकाळी मी कारकुनाकडे गेले आणि त्याच्या फाइलीची इतकी स्तुती केली की त्याने ती स्वतः उघडली. चार कवायती. पहिली सहा मिनिटांची. पुढच्या तीन एकोणीस, बावीस आणि वीस मिनिटांच्या. या तिन्हींच्या वेळा माझ्या कागदाशी मिनिटाला मिनिट जुळत होत्या. आणि तिन्ही पत्रकांवर छप्परबाईंची सही होती, मैदानात, सव्वीस मुलांसह हजर.

म्हणजे बाई सुटल्या. हजेरी घेणारा कारकूनही सुटला. टॅबवाला त्यांतल्या दोन दिवशी दुसऱ्याच शाळेत होता, त्याच्या सह्या तिथे होत्या. मग इमारतीत कोण होतं?

पत्रकाच्या तळाशी छापील नियम होता. मी तो दोनदा वाचला आणि तडक बाईंच्या वर्गात गेले.

"बाई, एकच सांगा. त्या बारा मुलांची यादी वहीबाहेर कोणाला दिली होती?"

बाई फळा पुसत राहिल्या. "मदत मागायला दिली होती एकीला. भिक्षा मागायला आल्यासारखी दारात उभी राहिले होते, की या बारा जणांसाठी रोज अर्धा तास द्या."

"कोणाला?"

"विचारू नकोस," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला काल त्या टॅबवाल्या पोराने ती रेघ दाखवली. मी ओळखली. बोलणार नाही मी."

मला त्यांचाही राग आला. बारा मुलं एका पारड्यात आणि ही माया दुसऱ्यात?

५

मंडळाचं सभागृह संध्याकाळी पाचलाच भरलं. अध्यक्ष घड्याळाकडे बघत ठराव वाचत होते. बातमीदाराने सभेत तोंड उघडायचं नाही, हा आमच्या संपादकांचा नियम. पण मंडळाचाही एक नियम आहे, ठरावाआधी कोणत्याही मुलाच्या घरच्यांना तीन मिनिटं मिळतात. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून बाकावर ठेवलं आणि उठले.

"मी पहिलीतल्या एका मुलीची मावशी आहे. टॅबवाल्यांनी पडद्यावर काही दाखवावं, अशी विनंती आहे."

बारा शब्द पडद्यावर चालले. बारा छपरं उलटी आली. सभागृहात कुजबुज झाली, आणि अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले.

"ही तर छप्परबाईंची पद्धत! माझा मुलगाही अशीच रेघ ओढतो. म्हणजे खुणा यांनीच भरल्या आणि तक्रारही यांचीच?"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाई खाली बघत बसल्या होत्या. एका शब्दाने सुटल्या असत्या, आणि तो शब्द त्या उच्चारत नव्हत्या.

"बाई मैदानात होत्या," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला तो पुन्हा उतरला नाही. "तिन्ही वेळा. ही हजेरी पाहा. हे लिहिणाऱ्याला तीन गोष्टी हव्या होत्या. घंटा कधी वाजणार हे आधी ठाऊक हवं. परतीची घंटा हातात हवी, म्हणजे काम होईपर्यंत पोरं उन्हात राहतील. आणि ती बारा मुलं कोणती, हे माहीत हवं. टॅबला ते माहीत नव्हतं, मंडळाला नव्हतं. बाईंनी ती यादी एकाच व्यक्तीला दिली होती, मदत मागायला. मदतीच्या यादीवरून खोटं लिहिलं गेलं! आता या पत्रकाच्या तळाचा नियम वाचते. 'इमारत रिकामी असल्याची खात्री मुख्याध्यापिका स्वतः आत फिरून करतील, व त्याच परतीची घंटा देतील.'"

मुख्याध्यापिका उठल्या. "हा निव्वळ तर्क आहे. रेघेचं म्हणाल तर ती बाईंच्या विद्यार्थ्यांची. मी तर या शाळेत तीन वर्षांपूर्वी आले."

"या शाळेत," मी म्हणाले. "बाई पाच शाळांत होत्या. तुमच्या खोलीतला फळा मी काल पाहिलाय. इथेही फळा आहे. एक शब्द लिहा. 'पहिली' लिहा."

त्या फळ्यापाशी गेल्या. अक्षरं सुंदर आली. मग मार्कर उचलून त्यांनी तो पहिल्या अक्षरावर ठेवला आणि डावीकडून उजवीकडे रेघ ओढायला घेतली. पहिलीत बाईंकडे शिकल्यापासून कधी न ओढलेली रेघ. ती थरथरली, अक्षरांत घुसली आणि अर्ध्यावर थांबली.

मार्कर हातात धरून त्या फळ्यापाशीच उभ्या राहिल्या.

"ठेव ते," बाई म्हणाल्या. तीन वर्षं त्या मुख्याध्यापिकांना 'मॅडम'च म्हणत आल्या होत्या. "ठेव ते पेन. ये, इथे बस."

आणि ती कडक इस्त्रीतली बाई खरंच आली आणि शेजारी बसली. पर्स उघडून तिने निळी वही काढली. दोन दिवस ती बरोबर घेऊन फिरत होती, फाडायचा धीर झाला नव्हता.

"शाळा बंद झाली असती, बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, पुढे शिकतीलच मुलं."

"कोण शिकवणार होतं पुढे?" बाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर यादी दिली होती तुला."

तिने वही बाईंच्या मांडीवर ठेवली. मला संताप आला होता, आणि तो अजूनही आहे. मुख्याध्यापिकेवर आहेच. पण जास्त आहे तो त्या टेबलामागच्या नऊ जणांवर, ज्यांना टॅबवाल्याने दोनदा कळवलं आणि ज्यांनी बेरजेपलीकडे पाहिलं नाही. यंत्राने सगळं जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. बघायला एकही माणूस बसला नव्हता, आणि बघणारी जी होती तिलाच हे काढायला निघाले होते.

अध्यक्षांनी घसा खाकरून समिती नेमली. दोन्ही ठराव 'तूर्त' मागे घेतले. तो 'तूर्त' मी बातमीत ठळक अक्षरांत छापायला लावला. संपादकांनी मला दोन आठवडे सभेला बंदी केली आणि बातमी पहिल्या पानावर घेतली.

६

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शेवटच्या तासाला मी वर्गाच्या मागे बसले. टॅबवालाही आला होता. चुकीच्या दिशेची रेघ टॅबला आपणहून कळेल असं काही करता येईल का, हे त्याला बाईंना विचारायचं होतं. बाईंनी त्याला आधी चहा मागवला.

मग भाचीची पाळी आली. बाईंच्या कोपराला टेकून ती बसली. पुस्तकावर बोट ठेवलं. पहिला शब्द आला. दुसराही आला. तिसऱ्यावर ती थांबली आणि सवयीने चित्राकडे बघायला लागली. बाईंनी चित्रावर तळहात ठेवला आणि काही न बोलता वाट पाहिली. मला ती वाट पाहणं सोसवेना. बाईंना सोसत होतं, चौतीस वर्षं सोसत होतं.

"नाही येत," भाची शेवटी म्हणाली.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग इथूनच सुरू करू."

त्यांनी निळी वही उघडली, तिच्या नावापुढे 'अडते' असं लिहिलं आणि रेघ ओढत परत सुरुवातीला आल्या.